बाळासाठी घडीचं प्लेयार्ड: अमेरिकेत पहिल्यांदा आई-बाबा होणाऱ्यांसाठी

आमचं प्लेयार्ड, म्हणजे बाळाला ठेवायचा जाळीचा, घडीचा पलंग, आलं तेव्हा मला सातवा महिना होता. खोकं सोफ्यामागे सरकवलं आणि विसरून गेलो. ते उघडलं बाळाला घेऊन घरी आल्याच्या दुसऱ्या रात्री, अडीच वाजता. बाळ रडतंय, माझे टाके ओढताहेत, नवरा दिव्याखाली माहितीपत्रक उलटंसुलटं करतोय, आणि तीन कडा बसल्या तरी चौथी काही केल्या बसत नाहीये. सासूबाई आठ दिवसांपूर्वीच पुण्याहून आलेल्या. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पोराला जाळीत कसलं ठेवतेस? दे इकडे, मी घेऊन बसते."

त्या रात्री त्या खरंच घेऊन बसल्या. पुढे तेच प्लेयार्ड आम्ही दोन वर्षं रोज वापरलं, दोनदा भारतात नेऊन आणलं, आणि मैत्रिणींसोबत दुकानांत फिरताना आणखी डझनभर तरी उघडून-मोडून पाहिली. माझं एकच म्हणणं आहे: घरातला सगळ्यात दमलेला माणूस जे नीट उघडू शकेल आणि ज्यात बाकी काहीही न घालता बाळ निर्धास्त ठेवता येईल, तेच प्लेयार्ड चांगलं. बाकी संगीत, दिवे, झुंबरं सगळं नंतर.

१. आधी नावांचा घोळ सोडवा

अमेरिकेत याला सगळे सर्रास "पॅक अँड प्ले" म्हणतात. ते खरं तर ग्रॅको कंपनीच्या मालाचं नाव. त्यांनी ते १९८७ साली बाजारात आणलं आणि आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं ते सगळ्याच कंपन्यांच्या मालाला चिकटलं. कायद्याच्या आणि लेबलाच्या भाषेत मात्र शब्द आहे प्लेयार्ड. लंडनकडची मंडळी ट्रॅव्हल कॉट म्हणतात, ऑस्ट्रेलियात पोर्टाकॉट. तिकडची सुरक्षिततेची मानकं वेगळी, त्यामुळे या लेखातलं कायद्याचं बोलणं अमेरिकेपुरतंच धरा.

प्लेयार्ड म्हणजे चार कोपऱ्यांना नळ्या, चारी बाजूंना जाळी, खाली कडक घडीची गादी, आणि मिटलं की लांबट पिशवीत जाणारी वस्तू. प्लास्टिकचे पाच-सहा फलक जोडून जमिनीवर जे कुंपण करतात ते वेगळं. त्याला तळ नसतो आणि ते झोपण्यासाठी नसतं. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकाच यादीत येतात आणि चित्रात कुंपणात छान गादी घालून बाळ झोपवलेलं दाखवतात. तिथे फसू नका.

२. काम ठरवा

प्लेयार्डची तीन कामं असतात: झोपवणं, राखणं आणि प्रवास. तिन्ही एकाच वस्तूत उत्तम मिळत नाहीत.

घर लहान असेल, वेगळा क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्यांचा पलंग, ठेवायला जागाच नसेल, तर प्लेयार्ड हाच बाळाचा रोजचा पलंग. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की बाळाने निदान पहिले सहा महिने आई-वडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं. त्या जागेत क्रिब, बेसिनेट (तान्ह्या बाळाचा छोटा, उथळ पलंग) आणि प्लेयार्ड तिन्ही चालतात. म्हणजे "क्रिब नाही घेतला तर बाळाची आबाळ होईल का" ही काळजी सोडा. आमच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये क्रिब कधी आलाच नाही.

राखण म्हणजे तुम्ही दोन मिनिटं बाथरूमला जाताय, कुकरची शिट्टी होतेय, दारात डिलिव्हरीवाला उभा आहे, तेवढ्यापुरती सुरक्षित जागा. हे काम बाळ रांगायला लागल्यावर खरं सुरू होतं. त्यासाठी जाळी चारी बाजूंनी आरपार दिसणारी हवी. काही मॉडेलांत दोन बाजू कापडाने बंद असतात. दिसायला छान, पण ओट्याशी उभं राहून बाळ दिसत नाही.

प्रवास म्हणजे वजन. साधं प्लेयार्ड नऊ-दहा किलोच्या आसपास जातं, जोडण्यांसकट त्याहून जास्त. खास प्रवासासाठी बनवलेली सहा-सात किलोंची असतात. साध्याची किंमत शंभर डॉलरच्या आत-बाहेर, हलक्याची त्याहून बरीच जास्त. महिन्यातून एकदा गाडीत टाकून मित्राकडे जाणार असाल तर साधंच घ्या, गाडीला वजनाचं काही वाटत नाही. वर्षाला दोन-तीन विमानप्रवास असतील किंवा तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं घर असेल, तरच हलक्याचे पैसे वसूल होतात.

३. टेप घेऊन घर मोजा, आणि आजीसुद्धा

साधारण आकाराचं प्लेयार्ड बाहेरून चाळीस इंच लांब आणि अठ्ठावीस-एकोणतीस इंच रुंद असतं. इथल्या आतल्या खोल्यांची दारं बऱ्याचदा तीस इंची असतात, आणि दार उघडल्यावर त्याची जाडी वजा जाता मोकळी फट आणखी कमी. चाकं आहेत म्हणून दिवसा हॉलमध्ये आणि रात्री बेडरूममध्ये ढकलत नेऊ, असा बेत असेल तर ती फट आधी मोजा. आमचं अर्ध्या इंचाने अडलं. रोज मोडून नेणं कोणी करत नाही, त्यामुळे ते कायमचं बेडरूममध्ये राहिलं.

पलंगाशेजारी ठेवणार तिथे पडद्यांच्या दोऱ्या, मॉनिटरची वायर, फोनचा चार्जर काहीही तीन फुटांच्या आत नको. बाळाचा हात आज पोचत नाही म्हणून गाफील राहू नका. चार महिन्यांनी तो कुठवर पोचतो ते बघून तुम्ही चकित व्हाल.

आणि आजीची उंची. हे कुठल्याच दुकानात कोणी सांगत नाही. प्लेयार्डची कड जमिनीपासून अडीच फुटांवर येते आणि गादी जवळजवळ जमिनीला टेकलेली असते. पाच फुटांच्या आत-बाहेर उंची असलेल्या बाईला झोपलेलं बाळ अलगद खाली ठेवायचं तर कड पोटात रुतते आणि शेवटचे सहा इंच बाळ जवळजवळ टाकावं लागतं. सिझेरियन झालेल्या आईला पहिले सहा आठवडे हे जमतच नाही. सासूबाईंची कंबर तिसऱ्या दिवशी धरली. तुमच्याकडे बाळाला ठेवणं-उचलणं मुख्यतः आई किंवा सासूबाई करणार असतील, तर एकतर वरच्या बाजूला बेसिनेट जोडता येणारं घ्या, नाहीतर बुटक्या कडांचं. काही हलक्या मॉडेलांना बाजूला चेनचं दारही असतं. मोठ्या बाळाला त्यातून रांगत आत-बाहेर करता येतं. तेवढी चेन नीट बंद होऊन तिचं टोक आतून ओढता येणार नाही असं आहे ना, ते बघायचं.

४. लेबल वाचा, तारीख शोधा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवायला सांगेन.

१९९८ साली शिकागोमध्ये डॅनी नावाचा एक मुलगा, दीड वर्षाचाही नव्हता, पाळणाघरात दुपारी झोपला होता. ज्या घडीच्या क्रिबमध्ये तो होता त्याच्या वरच्या कडा मध्ये मोडून खाली आल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, आणि त्याची मान त्यात अडकली. तो वाचला नाही. त्या मॉडेलमध्ये आधीही मुलं दगावली होती आणि १९९३ मध्येच ते बाजारातून परत मागवलेलं होतं. पाच वर्षं उलटली तरी पाळणाघराला त्याचा पत्ता नव्हता. पुढे २००८ च्या कायद्यात लहान मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचं कलम त्याच्या नावाने आलं, आणि त्या कलमाखाली प्लेयार्डसाठी सक्तीचं मानक तयार झालं. ते २८ फेब्रुवारी २०१३ पासून लागू आहे.

त्या मानकात काय तपासतात हे माहीत असलं की दुकानात तुम्हालाही नेमकं कुठे बघायचं ते कळतं. प्लेयार्ड कलंडता कामा नये. बाळ आत असताना खटके सुटून ते मिटता कामा नये. बेसिनेटसारखी जोडणी लावल्यावर मधल्या फटीत डोकं अडकता कामा नये. तळ मजबूत हवा आणि कडा पुरेशा उंच हव्यात.

म्हणून नियम सोपा. तळाशी किंवा नळीवर चिकटवलेलं लेबल शोधा. त्यावर बनवल्याची तारीख असते. २८ फेब्रुवारी २०१३ च्या आधीचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. लेबलच खरवडलेलं किंवा फाटलेलं असेल तरी नको. नंतरचं असेल तर मॉडेलचा क्रमांक टिपून घ्या आणि ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर, म्हणजे सीपीएससीच्या, रिकॉलच्या (परत मागवलेल्या मालाच्या) यादीत शोधा. दोन मिनिटांचं काम.

नवं घेतलंत तर खोक्यात एक पत्ता छापलेलं, टपालखर्च भरलेलं कार्ड असतं. आपल्याला वाटतं जाहिराती पाठवायला मागताहेत, आणि ते कचऱ्यात जातं. तेच कार्ड भरून पाठवायचं असतं. उद्या माल परत मागवला तर कंपनी तुम्हाला थेट कळवते. ऑनलाइनही नोंदणी करता येते.

जुनं घेणं वाईट नाही. आपल्या लोकांत एकाच प्लेयार्डवर चार-चार मुलं वाढतात आणि ते मला आवडतंच. फक्त घेताना या गोष्टी हाताने तपासा. चारी कडा वर खेचून खटके बसल्यावर प्रत्येक कडेवर मधोमध दोन्ही हातांनी जोर द्या, इंचभरही खाली जाता कामा नये. जाळीवरून बोटं फिरवा, फाटलेलं किंवा उसवलेलं काही नको. जाळीची भोकं पाव इंचाहून लहान हवीत, म्हणजे बाळाच्या झबल्याचं बटणसुद्धा त्यात अडकणार नाही. आणि गादी त्याच प्लेयार्डची, मूळचीच हवी. गादी हरवली आहे पण दुसरी चांगली जाड देते असं कोणी म्हणालं तर गोड नकार द्या. कारण पुढे येईलच.

हॉटेलात मागितल्यावर मिळणाऱ्या क्रिबलाही हेच लागू. एका हॉटेलात आम्हाला आणून दिलेल्या प्लेयार्डची जाळी कोपऱ्यात इतकी फाटलेली होती की माझी मूठ जात होती. दुसरं मागितल्यावर दिलं, कुरकुर न करता. मागायला संकोचू नका.

५. दुकानात स्वतः उघडून मिटवा, तीनदा

दुकानातला माणूस सहा सेकंदांत उघडून दाखवतो. त्याने दिवसातून दहा वेळा केलेलं असतं. त्याला बाजूला उभं राहायला सांगा आणि तुम्ही करा, मग नवऱ्याला करू द्या. आई-सासूबाई आल्या असतील तर त्यांनाही.

साध्या प्लेयार्डची युक्ती एका ओळीची आहे, आणि अडीच वाजता आम्हाला तीच माहीत नव्हती: उघडताना आधी कडा, मग मध्य. मिटताना आधी मध्य, मग कडा. म्हणजे उघडताना तळाचा मधला भाग हाताने वर उचललेला ठेवायचा, चारी कडा एकेक करून वर ओढायच्या, प्रत्येकीचा खट् असा आवाज ऐकायचा, आणि सगळ्यात शेवटी मध्य खाली दाबायचा. आपण मध्य आधी दाबला की कडा ताणल्या जातात आणि शेवटची कधीच बसत नाही. मिटताना नेमकं उलट. तळातली दोरी किंवा पट्टी धरून मध्य वर खेचायचा, मगच कडांची बटणं दाबायची. हलक्या प्रवासी मॉडेलांची रचना वेगळी असते, काहींचे पाय नुसते बाहेर ओढले की काम झालं. म्हणूनच ती महाग.

मिटल्यावर पिशवीत भरून बघा. गादीच गुंडाळी होऊन सगळ्याभोवती बांधली जाते आणि तीच वेष्टणाचं काम करते. पिशवी इतकी घट्ट असेल की दोघांनी ओढावी लागते, तर प्रवासात रोज भांडणं होतील.

६. जोडण्या: थोड्या घ्या, वेळेत काढा

महागड्या संचात बेसिनेट, लंगोट बदलायचा ट्रे, टांगायची खेळणी, थरथरणारं यंत्र, संगीत, सगळं येतं. माझ्या मते यातलं एक बेसिनेट कामाचं, आणि ट्रे जमलं तर. उरलेलं सगळं तिसऱ्या महिन्यात कपाटात जातं.

बेसिनेट म्हणजे वरच्या भागात टांगलेला उथळ तळ. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आईच्या कमरेला तो वरदान आहे. पण त्याची मुदत फार लहान. बहुतेक मॉडेलांत पंधरा पौंड, म्हणजे पावणेसात-सात किलो झाले की, किंवा बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर रेटून छाती उचलायला लागलं की तो काढायचा. यातलं जे आधी होईल तेव्हा. आपलं बाळ वजनाने बारीक असेल तर वजनाची मर्यादा बघत बसू नका. ते कदाचित चार महिन्यांतच वळायला लागेल, वजन सहा किलो असलं तरी. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या लेबलवर असतो, तोच खरा.

लंगोट बदलायचा ट्रे कडेवर अडकवलेला असताना बाळ खाली प्लेयार्डमध्ये ठेवायचं नाही. उभं राहायला बघणारं बाळ ट्रे आणि कड यांच्यामध्ये मान अडकवू शकतं. काम झालं की ट्रे काढून ठेवायचा.

बाळाला उतरतं, डोकं वर करून झोपवणारी कुठलीही जोडणी नको. अशा उताराच्या झोपण्याच्या वस्तूंमुळे मुलं गुदमरली, आणि २०२२ च्या एका कायद्याने दहा अंशांहून जास्त उतार असलेल्या वस्तूंवर आणि क्रिबच्या कडेला लावायच्या गाद्यांवर अमेरिकेत बंदी आली. जुन्या संचात असली जोडणी आली असेल तर ती फेकून द्या, दुसऱ्याला देऊ नका.

७. आत काय ठेवायचं: काहीही नाही

इथे आपलं आणि अमेरिकेचं जुळत नाही. आणि मला स्वतःला हेच पचायला सगळ्यात वेळ लागला.

आपल्याकडे बाळ म्हणजे मऊपणा. आईने जुन्या नऊवारी साड्यांची गोधडी शिवून आणलेली असते. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी असते. पाळण्यावर रंगीत चिमणाळं. गळ्यात काळा दोरा. दोन्ही बाजूंना लोड, कुंची, दुपटं, वर आणखी एक दुपटं. या सगळ्यात बाळ ठेवलं की आपल्याला ते जपलेलं वाटतं. आणि प्लेयार्डमध्ये इंचभर जाडीच्या, हाताने दाबली तर दबत नाही अशा गादीवर, एका घट्ट चादरीवर, उघडं-बोडकं बाळ उताणं झोपलेलं पाहिलं की पोटात कालवतं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, हे काय इस्पितळ आहे का?"

पण कारण समजलं की पटतं. पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, तोंड मऊ गोष्टीत रुतलं तर बाळाला मान वळवून सुटता येत नाही. उशी, गोधडी, लोड, मऊ खेळणं, प्रत्येक गोष्ट त्या एका क्षणासाठी धोक्याची. म्हणून कडक, सपाट गादी, तिच्या मापाची ताणून बसलेली चादर, आणि बाळ पाठीवर. संपलं. थंडी असेल तर अंगावर घालायची झोपेची पिशवी मिळते, ती घाला. दुपट्यात घट्ट गुंडाळत असाल तर बाळ वळायची चिन्हं दिसली की ते बंद.

गादी खूप कडक वाटते म्हणून वर दुसरी फोमची गादी घालणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. आम्हीही ऑनलाइन मागवली होती, परत पाठवली. जाड गादी घातली की दोन गोष्टी होतात. गादी आणि जाळी यांच्यामध्ये फट पडते, बाळ तिकडे सरकतं, आणि जाळी ताणून मऊ पडते म्हणून चेहरा तिथे अडकतो. शिवाय गादी वर आली की कड तेवढीच खाली गेली, आणि उभं राहिलेलं बाळ लवकर बाहेर पडतं. मूळची गादी कडक आहे, कारण ती तशीच हवी.

आजीशी भांडून हे होत नाही. मी तीन गोष्टी केल्या. गोधडी जमिनीवर अंथरली आणि बाळ जागं असताना, आजी समोर बसलेली असताना, त्यावर पालथं खेळवलं. गोधडीचा मान राहिला आणि पालथं खेळण्याचा व्यायामही झाला. राईची उशी मी काढली नाही, डॉक्टरांना काढायला लावली. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सासूबाईंसमोर सांगितलं की जागेपणी पोटावर खेळवलं तर डोकं आपोआप गोल होतं, आणि डॉक्टर बोलले म्हटल्यावर विषय संपला. काळा दोरा गळ्यातून काढून कुंकवाच्या डबीत ठेवला आणि तीट मात्र रोज लावली, चांगली ठसठशीत. चिमणाळं दिवसा, बाळ आमच्या समोर असताना, हाताने धरून दाखवायचं. झोपताना आणि बाळ हातांवर उठायला लागल्यावर प्लेयार्डवर काहीही टांगलेलं नाही.

एक मात्र सांगते. झोळीत बाळ शांत झोपतं हे खरं आहे, आणि आपण सगळे झोळीत झोपून मोठे झालो हेही खरं. पण झोळीत अंग मुडपतं आणि हनुवटी छातीला टेकते, आणि रात्री अंधारात ते कोणाला दिसत नाही. दुपारी मांडीशी बसून आजीने दहा मिनिटं झुलवणं आणि रात्रभराची झोप, या दोन गोष्टी आमच्या घरी वेगळ्या ठेवल्या.

८. बाळ यायच्या आधी

चौतीस-पस्तीसाव्या आठवड्यात उघडा. नव्या प्लेयार्डला प्लास्टिकचा वास असतो, दोन दिवस खिडकीजवळ उघडं ठेवलं की जातो. गादी ओल्या फडक्याने पुसा, चादरी धुवा. चादरी तीन घ्या, दोन पुरत नाहीत. माप प्लेयार्डचंच, क्रिबची चादर यात सैल पडते आणि सैल चादर म्हणजे पुन्हा तोच धोका.

मग प्रत्येकाने रात्री, कमी उजेडात, एकदा उघडून दाखवायचं.

बसायला-उभं राहायला लागल्यावर खेळणी आत चालतात, पण ज्यावर पाय देऊन चढता येईल असा मोठा चेंडू किंवा उशीसारखं खेळणं नको. स्वयंपाक करताना जवळ ठेवायचं असेल तर गॅसपासून इतकं लांब की मोहरी तडतडली तरी थेंब पोचू नये. आणि जागेपणी पंधरा-वीस मिनिटांच्या वर आत ठेवू नका. ती राखण आहे, दिवसभराची खोली नाही.

९. भारतात नेताना

घडी केलेलं साधं प्लेयार्ड साधारण अठ्ठावीस इंच लांब, अकरा-अकरा इंच जाड असतं. तिन्ही मापं मिळून पन्नास इंच. विमानात चेक-इन सामानाची मर्यादा बहुधा बासष्ट इंच आणि तेवीस किलो असते, त्यात ते सहज बसतं. प्रश्न वेगळा आहे: स्ट्रोलर आणि कारसीट बऱ्याच कंपन्या फुकट नेतात, प्लेयार्ड मात्र अनेकदा एक बॅग म्हणून मोजतात. तिकीट काढताना विचारून ठेवा. पिशवीतली उरलेली जागा लंगोटांनी भरा, नळ्यांना धक्का लागत नाही.

थरथरणाऱ्या यंत्राचा किंवा संगीताचा अडॅप्टर घरीच ठेवा. तो एकशे वीस व्होल्टचा असेल तर आपल्याकडच्या दोनशे तीसवर जळेल. आमचा जळला, पुण्यात, पहिल्याच संध्याकाळी, धुरासकट.

डास. आपल्याकडे लगेच प्लेयार्डवर मच्छरदाणी टाकतात. तिच्यात अडकून मुलांना इजा झाल्या आहेत, विशेषतः ज्या झाकणासारख्या कडेला बसतात त्यांच्यामुळे. त्याऐवजी खिडक्यांना जाळी, पंखा, आणि पूर्ण खोलीचा बंदोबस्त. मोठी मच्छरदाणी लावायचीच तर ती छतापासून, प्लेयार्डपासून हातभर लांब, बाळाने ओढली तरी हाती न लागणारी.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत गेलात तर निघायच्या आदल्या दिवशी गादी आणि जाळी पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरा. ओलसर मिटलेलं प्लेयार्ड महिनाभराने उघडलं की काळी बुरशी. जाळी साध्या साबणाच्या पाण्याने घासली तर जाते, गादीच्या शिवणीत शिरलेली जात नाही.

१०. बंद कधी करायचं

बाळाची उंची पस्तीस इंच झाली, किंवा वजन तीस पौंड, म्हणजे साडेतेरा-चौदा किलो झालं, की थांबायचं. बहुतेक मॉडेलांवर हेच आकडे असतात. पण उंची भरायच्या आधीच, कधी पंधराव्या-सोळाव्या महिन्यात, एके दिवशी बाळ कडेवर पाय टाकून बघतं. त्याच दिवशी बंद. पुढच्या खेपेला ते डोक्यावर पडतं.

दुसऱ्याला देताना मूळची गादी, माहितीपत्रक आणि सगळ्या चादरी द्या, आणि रिकॉलच्या यादीत पुन्हा एकदा बघा, कारण तुम्ही घेतल्यावरही नाव चढलेलं असू शकतं. जोडण्यांपैकी जी तुम्ही बंद केली होती ती देऊ नका. पिशवीवर रुंद चिकटपट्टी लावून त्यावर मॉडेलचा क्रमांक, बनवल्याची तारीख आणि उघडण्याचा क्रम लिहा. आमचं आता तिसऱ्या घरी आहे. त्यावरची पट्टी सासूबाईंनी लिहिलीय, त्यांच्या वळणदार अक्षरात: "उघडताना आधी कडा, मग मध्य. आत गोधडी नको."